रेसबुकात जिंकणारा घोडा सापडतो का?

रेसच्या दिवशी महालक्ष्मीच्या स्टँडमध्ये पहिली शर्यत सुटायच्या आधीच दिवसभराचे विजेते ठरलेले असतात. अडचण एवढीच, की प्रत्येकाच्या रेसबुकात ते वेगळे असतात. मुंबईच्या या मैदानावर १८८३पासून घोडे पळताहेत. पावसाळ्यात पुण्याचा मोसम, हिवाळ्यात मुंबईचा आणि फेब्रुवारीतली इंडियन डर्बी म्हणजे त्याचा कळस. रेसबुकात प्रत्येक घोड्याची एक ओळ असते: वय, आई-बाप, ट्रेनर, जॉकी, पाठीवरचं वजन, रेटिंग, ड्रॉ, मागच्या धावांचे निकाल. माहिती भरपूर असते. घोळ होतो तो तिचा अर्थ लावताना. पंटर, म्हणजे पैसे लावणाऱ्या, मंडळींत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले काही समज म्हणूनच तपासून पाहायला हवेत.

गैरसमज : फेव्हरिटवर लावत राहिलं की पैसे बुडत नाहीत.

वस्तुस्थिती : ब्रिटन-अमेरिकेतल्या अनेक दशकांच्या निकालांवरून फेव्हरिट, म्हणजे सगळ्यात कमी भावाचा घोडा, साधारण तीनपैकी एक शर्यत जिंकतो असं दिसतं. इतर कुठल्याही घोड्यापेक्षा हे प्रमाण चांगलंच आहे, पण तीनपैकी दोनदा तो हरतो हेही त्यातच आलं. आता हिशेब करा. फेव्हरिटचा भाव शंभराला दीडशे आहे. म्हणजे शंभर लावून जिंकलात तर दीडशे नफा आणि आपले शंभर परत. तीन शर्यतींत शंभर-शंभर लावले, तर खिशातून गेले तीनशे. एक लागला, हातात आले अडीचशे. घोडा बरोबर ओळखूनही पन्नास रुपयांचा खड्डा. तीनात एकदा जिंकणाऱ्या घोड्याला शंभराला दोनशेच्या वर भाव मिळाला, तरच तो परवडतो.

गैरसमज : फेव्हरिट परवडत नाही, तर मोठ्या भावाचा घोडा धरावा. एकदा लागला की सगळं वसूल.

वस्तुस्थिती : इथे तर तोटा आणखी वाढतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर. एम. ग्रिफिथ यांनी १९४९मध्ये दाखवून दिलं, की लोक मोठ्या भावाच्या घोड्यांवर त्यांच्या खऱ्या शक्यतेपेक्षा जास्त पैसे लावतात आणि फेव्हरिटवर त्या मानाने कमी. पुढे अनेक देशांतल्या अभ्यासांत हाच कल दिसला. कारण साधं आहे. २०२२च्या केंटकी डर्बीत रिच स्ट्राइक हा घोडा एकास ऐंशी भावाने जिंकला. दुसरा घोडा माघारी घेतल्यामुळे त्याला आदल्या दिवशी शर्यतीत जागा मिळाली होती. असा निकाल वर्षानुवर्षं सांगितला जातो. त्याच भावाचे जे असंख्य घोडे शेवटून दुसरे-तिसरे आले, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

गैरसमज : मागच्या वेळी पहिला आला, म्हणजे आजही येणार.

वस्तुस्थिती : आपल्याकडच्या बहुतेक शर्यती हँडिकॅप असतात आणि हँडिकॅपरचं कामच मुळी सगळ्या घोड्यांना एका रेषेत आणण्याचं असतं. चांगल्या घोड्याचं रेटिंग वर, वाईटाचं खाली आणि रेटिंगच्या प्रत्येक गुणाला अर्धा किलो वजन. समजा, चाळीस रेटिंगचा घोडा जिंकला आणि त्याचे सहा गुण वाढले. पुढच्या वेळी त्याच गटात, त्याच प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध त्याला तीन किलो जास्त घेऊन पळावं लागेल. ब्रिटनमधल्या हँडिकॅपरच्या ठोकताळ्यानुसार हजार मीटरच्या आसपासच्या शर्यतीत साधारण दीड किलो म्हणजे एका घोड्याची लांबी. या हिशेबाने मागच्या वेळी दोन लांबींनी जिंकलेला घोडा आज बरोबरीत आला.

म्हणून नुसता ‘१’ आकडा पाहून काही कळत नाही. तो कुठल्या गटात, किती अंतरावर, किती वजन घेऊन आणि किती लांबींनी जिंकला, ते पाहावं लागतं. उलटही तितकंच खरं. सेक्रेटेरिअट १९७३च्या वुड मेमोरियल शर्यतीत तिसरा आला, तेव्हा अनेकांनी त्याच्यावरचा विश्वास काढून घेतला. त्याच्या तोंडात गळू झालं होतं. दोनच आठवड्यांनी त्याने केंटकी डर्बी जिंकली आणि पाठोपाठ अमेरिकेचा तिहेरी मुकुटही.

गैरसमज : सगळ्यात जास्त वजनाचा घोडा दमणार, त्याला आधीच खोडावं.

वस्तुस्थिती : हँडिकॅपमध्ये सगळ्यात जास्त वजन त्याच्यावर असतं, कारण त्या शर्यतीतला तोच सगळ्यात सरस घोडा असतो. वजन हे त्याच्या गुणवत्तेचं प्रमाणपत्र आहे. प्रश्न वजन किती हा नसून, मागच्या धावेपेक्षा किती वाढलं किंवा उतरलं हा असतो. नवशिक्या जॉकीला वजनात सूट मिळते. ती हिशेबात धरायची, पण कसलेल्या जॉकीच्या जागी तो बसलाय हेही विसरायचं नाही.

गैरसमज : ज्याचा टायमिंग सगळ्यात कमी, तो घोडा सगळ्यात वेगवान.

वस्तुस्थिती : दोन वेगळ्या दिवशींचे टायमिंग थेट ताडून पाहता येत नाहीत. पुण्यात आठवडाभर पाऊस पडल्यानंतरचा मऊ ट्रॅक आणि मुंबईत मार्च महिन्यातला कडक ट्रॅक यांवर तोच घोडा तेच अंतर वेगळ्या वेळात कापतो. ट्रॅक किती कडक किंवा मऊ आहे ते पेनेट्रोमीटरने मोजून रेसच्या दिवशी जाहीर करतात. त्या आकड्याशिवाय टायमिंग अर्धवट आहे. शर्यत कशी पळवली गेली यानेही फरक पडतो. सुरुवातीला सगळे रेंगाळले आणि शेवटच्या चारशे मीटरला सुसाट सुटले, तर उत्तम घोड्याचाही एकूण वेळ सामान्यच दिसेल.

ड्रॉचंही, म्हणजे घोडा सुरुवातीला कुठल्या गेटातून सुटतो त्याचंही, तसंच. आतला ड्रॉ सरसकट चांगला नसतो. इंग्लंडमधल्या चेस्टरच्या मैदानावर वळणं इतकी तीव्र आहेत, की कमी अंतराच्या शर्यतीत आतल्या घोड्याला उघड फायदा मिळतो. सरळ धावपट्टीवर किंवा लांब पल्ल्याला तोच फायदा विरून जातो.

गैरसमज : जॉकी पाहावा, घोडा पाहायची गरज नाही.

वस्तुस्थिती : चॅम्पियन जॉकी जास्त शर्यती जिंकतो, कारण तो निष्णात असतो. शिवाय चांगले ट्रेनर आपले चांगले घोडे त्यालाच देतात. या दोन गोष्टी वेगळ्या काढणं कठीण आहे. दुसरं म्हणजे, त्याचं नाव दिसलं की सगळेच त्या घोड्यावर लावतात आणि भाव उतरतो. जॉकीचं कौशल्य खरं असतं, पण त्याची किंमत तुमच्याकडून आधीच वसूल झालेली असते. नाव पाहण्यापेक्षा बदल पाहावा. बऱ्याच धावांनंतर तबेल्याने मोठा जॉकी बसवला असेल, तर त्यामागे काहीतरी विचार असतो.

गैरसमज : तबेल्यातून आलेली टीप म्हणजे पक्की खबर.

वस्तुस्थिती : टीप अगदी खरी मानली, तरी तबेल्याला माहिती असते ती आपल्या घोड्याची. उरलेल्या सगळ्या घोड्यांच्या तबेल्यांतही आज सकाळी कोणीतरी ‘आपला तयार आहे’ असंच म्हटलेलं असतं. शिवाय टीप तुमच्यापर्यंत पोचेतो ती किती कानांवरून गेली आहे, ते बुकीच्या फळ्यावर दिसतं. सकाळी शंभराला सहाशे असलेला भाव दुपारी अडीचशेवर आला असेल, तर तुम्ही रांगेत शेवटचे आहात.

गैरसमज : चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याणी घोडा शुभ, म्हणून पॅडॉकमध्ये पाय नि कपाळ पाहून घोडा निवडावा.

वस्तुस्थिती : सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा विकत घेताना भोवरे, देवमण, पांढरे पाय पाहण्याची रीत आहे. ती श्रद्धेची बाब झाली. वेगाशी तिचा संबंध नाही. पॅडॉकमध्ये पाहायचं असेल, तर घोडा मोकळ्या पावलांनी चालतो का, शर्यतीआधीच घामाने निथळत बिथरला आहे का, ते पाहावं.

गैरसमज : भाव म्हणजे घोडा जिंकण्याची खरी शक्यता.

वस्तुस्थिती : सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. पाच घोड्यांची शर्यत घ्या. बुकीचे भाव शंभराला दीडशे, दोनशे, चारशे, सहाशे आणि हजार. त्यांचे टक्के काढले तर अनुक्रमे ४०, ३३.३, २०, १४.३ आणि ९.१ येतात. बेरीज होते ११६.७. शक्यतांची बेरीज शंभराच्या वर जाऊच शकत नाही. वरचे जवळजवळ सतरा हा बुकीचा गाळा. त्या प्रमाणात पैसे लागले, तर कुठलाही घोडा जिंको, बुकीकडे येणाऱ्या शंभर रुपयांतले चौदा त्याचेच. टोटवर हे जरा वेगळ्या तऱ्हेने होतं: सगळे पैसे एका गल्ल्यात जमतात, आधी कपात होते आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्या तिकिटांत वाटली जाते.

तरीही भावाला कमी लेखू नये. हजारो पंटरांनी तेच रेसबुक वाचून स्वतःचे पैसे लावल्यावर तो तयार होतो. हाँगकाँगच्या शर्यतींवर संगणकाच्या मदतीने प्रचंड कमाई करणारे बिल बेंटर यांनी १९९४मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. त्यांचं गणिती मॉडेल घोड्याविषयीचे अनेक घटक तपासत होतं. पण नुसत्या मॉडेलवर न विसंबता त्यांनी लोकांनी ठरवलेला भावही त्यात मिसळला, तेव्हा अंदाज सुधारले. रेसबुकातली माहिती तुम्हाला जितकी दिसते, तितकी ती बाजारालाही दिसत असते.

गैरसमज : जॅकपॉटमध्ये पाच फेव्हरिट धरले की झालं.

वस्तुस्थिती : जॅकपॉटमध्ये पाच शर्यतींचे विजेते एकाच तिकिटावर ओळखायचे असतात. प्रत्येक फेव्हरिटची शक्यता तीनात एक धरली, तर पाचही लागण्याची शक्यता २४३त एक. आणि तसं झालंच, तर तेच पाच घोडे असंख्य तिकिटांवर असतात, त्यामुळे वाट्याला येणारी रक्कम किरकोळ.

गैरसमज : हरल्यावर रक्कम दुप्पट करत जावं, कधीतरी लागणारच.

वस्तुस्थिती : घोड्याला तुमच्या आधीच्या नुकसानीची कल्पना नसते. तीनात एकदा जिंकणाऱ्या फेव्हरिटवर सलग दहा वेळा हरण्याची शक्यता साधारण अठ्ठावन्नात एक आहे. नियमाने रेसला जाणाऱ्याला हा अनुभव कधी ना कधी येतोच. शंभरापासून दुप्पट करत गेलात, तर तोवर १,०२,३०० रुपये गेलेले असतात आणि अकरावा डाव १,०२,४०० रुपयांचा असतो.

गैरसमज : सुप्रीम कोर्टानेच रेसला कौशल्याचा खेळ म्हटलंय, म्हणजे अभ्यास करणारा जिंकतोच.

वस्तुस्थिती : डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९९६मध्ये घोड्यांची शर्यत मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असल्याचं म्हटलं, हे खरं. पण तो कायद्यापुरता निकाल होता, नफ्याची हमी नव्हे. परवानाधारक मैदानाबाहेर फोनवर चालणाऱ्या बेकायदा बेटिंगला त्याचं संरक्षण नाही. उरलेलं काम कर करतात. २२ सप्टेंबर २०२५पासून रेसच्या बेटिंगवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर लागतो आणि हरलेल्या पैशांची वजावट त्यातून मिळत नाही.

मग रेसबुक वाचूच नये का? जरूर वाचावं. आधी अंतर आणि गट, मग वजनातला बदल, मग ट्रॅक आणि ड्रॉ, शेवटी जॉकी. प्रत्येक घोड्याला आपल्या मनाने टक्के द्यावेत, बेरीज शंभरच ठेवावी आणि मग भावाकडे पाहावं. भाव आपल्या अंदाजाहून चांगला नसेल, तर ती शर्यत नुसती पाहावी. दिवसाच्या कार्डात अशाच शर्यती जास्त निघतील. अभ्यासाने जिंकणारे घोडे जास्त वेळा ओळखता येतात, पण तेवढ्याने खिसा भरत नाही. तेव्हा नाटकाच्या तिकिटाइतके, परत न येणारे पैसे घेऊन रेसला जावं. आणि उसनवारी करून किंवा घरच्यांपासून लपवून लावण्याची वेळ आली असेल, तर पुढचं कार्ड उघडण्याआधी ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावं.