सिरॅमिक ब्रेक की लोखंडी? गतिज ऊर्जेचा एक धडा



आपलं छत्रपती संभाजीनगर म्हणजे गाड्यांचं शहर. वाळूजला बजाजचा कारखाना, शेंद्र्याला स्कोडाचा. ऑक्टोबर २०१० मध्ये तर इथल्या मंडळींनी एकत्र येऊन एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. त्यामुळे "स्पोर्ट्‌स कारला सिरॅमिक ब्रेक चांगले की स्टीलचे?" असं एखाद्या मुलाने विचारलं, तर नवल नाही. हा प्रश्न टाळू नका. नववीचा 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा यातून छान शिकवता येतो.

आधी एक दुरुस्ती. कारमध्ये ज्याला 'स्टीलचे ब्रेक' म्हणतात, त्याची डिस्क बहुधा बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. स्टीलची डिस्क दिसते ती मोटारसायकलला.

ब्रेक काय करतो?

ब्रेक गाडीच्या गतीची उष्णता करतो. पॅड डिस्कवर घासतात आणि गतिज ऊर्जा (½mv²) उष्णतेत बदलते. फळ्यावर गणित मांडा. १५०० किलोची गाडी ताशी १०० किमी वेगात असेल, तर तिची ऊर्जा साधारण ५ लाख ८० हजार जूल. एवढ्या उष्णतेत जवळजवळ दोन लिटर पाणी उकळीला येईल! वेग २०० केला की ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते: सुमारे २३ लाख जूल.

आता चार डिस्क मिळून ४० किलो लोखंड धरू. सगळी उष्णता त्यातच राहिली, तर १०० च्या वेगावरून एकदा थांबताना तापमान जेमतेम ३० अंशांनी वाढेल, २०० वरून थांबताना सव्वाशे अंशांनी. शर्यतीच्या ट्रॅकवर मात्र असे ब्रेक दर काही सेकंदांनी लागतात. डिस्कला निवायला वेळच मिळत नाही. पॅडची पकड कमी होते, ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल नुसतंच खाली जातं.

सिरॅमिक तिथे कामाला येतं

ही डिस्क चिनीमातीची नसते बरं का! कार्बनचे धागे आणि राळ साच्यात दाबून भट्टीत भाजतात, मग त्यात वितळलेलं सिलिकॉन शोषवतात. कार्बन आणि सिलिकॉनचं मिळून सिलिकॉन कार्बाइड बनतं. ते अतिशय कठीण असतं आणि उष्णतेने सहसा वाकत नाही. पोर्शेने २००१ च्या सुमारास अशा डिस्क रस्त्यावरच्या गाडीला दिल्या. लोखंडाच्या तुलनेत वजन साधारण निम्मं, त्यामुळे चाक हलकं होतं. शिवाय पावसाळ्यात गंज चढत नाही.

मग गाडी लवकर थांबते का?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. एकदाच जोरात ब्रेक मारला, तर दोन्ही गाड्या जवळपास तेवढ्याच अंतरात थांबतात. चाक जाम करण्याइतकी ताकद चांगल्या लोखंडी ब्रेकमध्येही असते. पुढचं काम टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाचं. कोरड्या डांबरी रस्त्यावर १०० च्या वेगावरून थांबायला साधारण ५० मीटर लागतात, ५० वरून बारा-तेरा मीटर. टायर गुळगुळीत असेल, तर लाखोंचे ब्रेकही काही करू शकत नाहीत.

निवड कशी करायची?

• रोजच्या रस्त्यावर: लोखंडी. स्वस्त, आणि डिस्क सहज बदलता येते. पावसानंतर चढलेला पातळ गंज दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो.
• हलकेपणा हवा आणि काही लाख रुपये जास्तीचे द्यायची तयारी असेल, तर: सिरॅमिक. चाक काढताना ठोकर लागली, तर मात्र कड उडू शकते.
• वारंवार ट्रॅकवर जाणारे: यातले अनेकजण उलट लोखंडीच बसवतात, कारण फार तापलं की सिरॅमिकमधला कार्बनही जळत जातो आणि नवी डिस्क परवडत नाही.

आपल्या रस्त्यावरचा धडा

ट्रॅक आपल्याकडे नसला, तरी कन्नड–चाळीसगावचा औट्रम घाट आहे. तीच १५०० किलोची गाडी १०० मीटर उंची उतरली की सुमारे १५ लाख जूल ऊर्जा सुटते. वेग कमी असूनही १०० वरून थांबण्याच्या अडीचपट! पाय सतत ब्रेकवर ठेवला, तर ही सगळी उष्णता डिस्कमध्येच जाते. म्हणून ज्या गिअरमध्ये चढायचं, त्यातच उतरायचं. इंजिन गाडीला धरून ठेवतं. ब्रेक ऑइलही वेळेवर बदलायला हवं. ते हवेतली ओल शोषतं आणि मग लवकर उकळतं.

वर्गात करून पाहा

१. तळहात दहा सेकंद जोरात घासायला सांगा. नंतर वजन न देता हळूच घासायला सांगा. फरक विचारा.
२. वेग ताशी ३०, ६० आणि ९० किमी घेऊन ऊर्जेचं गुणोत्तर काढायला लावा. उत्तर १ : ४ : ९ येईल.
३. घरच्या दुचाकीचे टायर आणि ब्रेक पॅड पालकांसोबत तपासून वहीत नोंद करायला सांगा.

मुलं उद्या स्कूटी चालवणार आहेत. सिरॅमिक डिस्क त्यांच्या वाट्याला येवो न येवो, पण वेग दुप्पट केला की थांबायला चौपट अंतर लागतं, हे त्यांना आजच कळायला हवं.