केसांचा टोप आणि विम्याचा कागद

केमोथेरपीने केस जाऊ लागतात तेव्हा बाईमाणूस आधीच हळवे झालेले असते. नेमक्या अशा वेळी ‘पैसे विमा कंपनी देईल’ असे सांगून महागडा विग गळ्यात मारला जातो. विग जरूर घ्यावा. पण कोणाच्या भरवशावर, कधी आणि किती किमतीचा, हे आधी ठरवावे.

नवी दिल्लीत मंडी हाऊसच्या चौकातून कोपर्निकस मार्गाला लागले, की संध्याकाळी कमानी सभागृहापुढे नाटकाला आलेल्यांची गर्दी दिसते. जुने महाराष्ट्र सदनही याच रस्त्यावर. दिल्लीत राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांना हा रस्ता घरच्यासारखा. गेल्या वर्षीच्या थंडीत एका संध्याकाळी मी आणि माझी वहिनी तिथे चहा पीत उभ्या होतो. दादा-वहिनी ग्वाल्हेरचे. स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांसाठी वहिनी दिल्लीला माझ्याकडे राहिल्या होत्या. पहिली केमोथेरपी होऊन अठरा दिवस झाले होते आणि सकाळी उशीवर केसांचे पुंजके दिसू लागले होते.

समोरच्या पोस्टरवरच्या जरीच्या पगडीतल्या नटाकडे बघत वहिनी म्हणाल्या, “वन्सं, याला प्रयोग संपला की टोप काढून ठेवता येतो. मला तो घालून भाजीला जायचंय, बँकेत जायचंय, लग्नाला जायचंय.”

मी काहीच बोलले नाही. आदल्या दिवशीचा प्रसंग दोघींच्याही डोक्यातून गेला नव्हता.

बंद खोलीतला सौदा

आदल्या दिवशी दुपारी आम्ही तिघे एका विगच्या दुकानात गेलो होतो. आतल्या छोट्या खोलीत वहिनींना आरशासमोर बसवले, डोक्यावरचा रुमाल काढायला लावला आणि एकामागून एक विग चढवायला सुरुवात झाली. विक्रेती गोड बोलणारी होती. “मॅडम, अगदी पूर्वीसारख्या दिसता!” वहिनींचे डोळे भरून आले. तेवढ्यात किंमत कळली : ४८ हजार रुपये. सवलत फक्त आजच्या दिवसापुरती आणि दहा हजार आगाऊ भरायचे. दादा घुटमळलेले पाहून ती म्हणाली, “मेडिक्लेम आहे ना? मग काळजी कशाला? विम्यात बसेल असं बिल आम्ही बनवून देतो.”

दादांनी खिशातून कार्ड काढले. वहिनींच्या मनात काय चालले असेल ते मला कळत होते. आमच्या आजीच्या पिढीने लाल आलवणातल्या, केशवपन केलेल्या बायका पाहिल्या होत्या. त्या आठवणी ऐकतच आम्ही वाढलो. बोडक्या डोक्याची ती धास्ती घरातून अजून पुरती गेलेली नाही. अशा मन:स्थितीतल्या बाईला ४८ हजार ही किंमत दिसत नाही, फक्त आरसा दिसतो. मी कसेबसे “उद्या सांगतो” म्हणून दोघांना बाहेर काढले.

विमा काय म्हणतो?

घरी आल्यावर दादांची पॉलिसी काढली. वर्षानुवर्षे हप्ते भरले होते, पण आतली पाने कोणी वाचली नव्हती. ‘काय दिले जाणार नाही’ या यादीत स्पष्ट लिहिले होते : टक्कल, केस गळणे, विग, टोप आणि त्यासंबंधीचे उपचार. आपल्याकडच्या अनेक आरोग्य विमा पॉलिसींमध्ये हे कलम असते. ते नसले तरी अडचण राहतेच. मेडिक्लेम हा मुळात रुग्णालयातील उपचारांचा खर्च भरून देणारा करार आहे. केमोथेरपी एका दिवसात घेऊन घरी आले तरी तिचा खर्च बहुधा मिळतो, कारण तो उपचार आहे. विग मात्र उपचारात मोजला जात नाही.

तरीही आम्ही विमा कंपनीला ईमेल करून विचारले. डॉक्टरांकडून ‘केमोथेरपीमुळे केस गेले आहेत, विगची शिफारस’ अशी चिठ्ठी घेऊन सोबत जोडली. दोन दिवसांत उत्तर आले : देय नाही. उत्तर नकाराचे होते, पण ते लेखी होते. त्यामुळे ४८ हजारांचा भार आपल्याच खिशावर पडणार, हे खरेदीच्या आधी कळले.

अमेरिकेत राहणाऱ्या आमच्या भाचीने मात्र फोनवर वेगळेच सांगितले होते. “मामी, डॉक्टरांकडून ‘क्रेनियल प्रोस्थेसिस’ असं लिहून घे, इथे विमा पैसे देतो.” तिचेही चूक नव्हते. अमेरिकेतल्या काही खासगी विमा योजना डॉक्टरांनी या नावाने लिहून दिल्यास विगचा सगळा किंवा थोडा खर्च देतात. तिथल्या ज्येष्ठांसाठीची सरकारी मेडिकेअर योजना मात्र सहसा देत नाही. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेकडून ठराविक शुल्कात विग मिळतो आणि मुलांना तो मोफत असतो. परदेशातले नातेवाईक प्रेमाने सल्ला देतात. पण त्यांचे नियम आपल्या पॉलिसीला लागू होत नाहीत. चिठ्ठीवर नाव बदलले म्हणून आपल्या पॉलिसीतले कलम बदलत नाही.

‘तसं बिल’ म्हणजे काय?

दुकानातल्या त्या एका वाक्याने मला सर्वांत जास्त घाबरवले होते. विग विकायचा आणि बिलावर शस्त्रक्रियेचे साहित्य किंवा असेच काहीतरी लिहायचे, असा त्याचा सरळ अर्थ होता. घाबरलेल्या नवऱ्याला ही मदत वाटते. प्रत्यक्षात तो खोटा दावा होतो.

आरोग्य विम्याच्या करारात फसवणुकीचे कलम असतेच. दावा खोटा ठरला, तर पॉलिसीखालचे लाभ नाकारण्याचा आणि पॉलिसी रद्द करण्याचा अधिकार कंपनीला मिळतो. वहिनींच्या आणखी पाच केमो बाकी होत्या, मग शस्त्रक्रिया, मग रेडिएशन. लाखोंच्या त्या खर्चाला आधार या एकाच पॉलिसीचा होता. ४८ हजारांसाठी तोच पणाला लागला असता. दादांना हे समजावले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “अगं, मी तर कार्ड काढलंच होतं.”

मग पैसे मिळतच नाहीत का?

एक मार्ग आहे, पण तो आजारपणाच्या आधी धरावा लागतो. गंभीर आजारांसाठी असलेल्या, ‘क्रिटिकल इलनेस’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या पॉलिसीत अटींत बसणाऱ्या कर्करोगाचे निदान झाल्यावर ठरलेली रक्कम एकदम मिळते. आयुर्विमा महामंडळानेही २०१७ साली केवळ कर्करोगासाठीची ‘कॅन्सर कव्हर’ योजना आणली होती. अशी रक्कम कशावर खर्च केली, हे कोणी विचारत नाही. औषधे, प्रवास, घरकामाची बाई, विग, कशालाही ती वापरता येते. मात्र पॉलिसी घेतल्यानंतरचा ठराविक प्रतीक्षा काळ आणि आजाराच्या टप्प्याच्या अटी आधी वाचाव्यात. घरात अशी जुनी पॉलिसी किंवा आयुर्विम्याला जोडलेली पुरवणी आहे का, हेही एकदा तपासून पाहावे. अनेक घरांत ती कपाटात असते आणि कोणाच्या लक्षात नसते. आमच्याकडे नव्हती.

१ जानेवारी २०२४ पासून आरोग्य पॉलिसीबरोबर सोप्या भाषेतले माहितीपत्रक देणे कंपन्यांना बंधनकारक झाले आहे. काय मिळते, काय मिळत नाही, तक्रार कुठे करायची, हे सारे त्यात थोडक्यात असते आणि मागितल्यास आपल्या भाषेतही मिळते. एजंट “सगळं कव्हर होतं” म्हणाला, तर हा कागद पुढे करून “कुठं लिहिलंय ते दाखवा” म्हणावे.

पॉलिसीत बसणारा खर्च कंपनीने नाकारला, तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. तिथे फी नाही, वकिलाची गरज नाही. दिल्लीत, मुंबईत, पुण्यात, भोपाळला त्यांची कार्यालये आहेत. पण पॉलिसीतच वगळलेल्या वस्तूसाठी तिथे जाऊन हाती काही लागत नाही.

दुकानात जाण्याआधी

काही केमो औषधांनी केस जातात, काहींनी फक्त विरळ होतात. तेव्हा आपले औषध कोणते, हे आधी डॉक्टरांना विचारावे. केस जाणार असतील, तर ते बहुधा पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत गळू लागतात आणि उपचार संपल्यावर काही महिन्यांत पुन्हा येतात. म्हणजे हा विग बहुतेकींना वर्षभराच्या आसपासच लागतो. आयुष्यभराचा दागिना असल्यासारखी किंमत त्याला मोजायची का, याचा विचार करावा.

केस जाण्यापूर्वीच एक छायाचित्र आणि केसांची छोटी बट जपून ठेवावी. रंग जुळवायला उपयोग होतो. कृत्रिम धाग्याचा विग काही हजारांत मिळतो, हलका असतो आणि धुतल्यावर त्याची ठेवण टिकते. खऱ्या केसांचा विग कित्येक पट महाग असतो आणि त्याची निगाही जास्त राखावी लागते. कृत्रिम विग घालून गॅसजवळ मात्र उभे राहू नये. फोडणीची वाफ आणि आच लागली की धागा आक्रसतो. स्वयंपाकघरात सुती रुमालच बरा. केमोच्या काळात टाळूची कातडी नाजूक होते. म्हणून आतली टोपी मऊ असावी आणि गोंदाने चिकटवायचा प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

ज्यांना हा खर्च झेपत नाही, त्यांनी रुग्णालयातल्या समाजसेविकेकडे चौकशी करावी. मुंबईचा मदत ट्रस्ट दान मिळालेल्या केसांचे विग बनवून कर्करुग्णांना मोफत देतो. त्यासाठी निदान १२ इंच लांबीचे केस स्वीकारले जातात. घरातल्या लांब केसांच्या मुलींनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

वहिनींचा निर्णय

आम्ही पुन्हा त्या दुकानात गेलो नाही. पंधरा दिवस वहिनी सुती रुमाल बांधूनच वावरल्या. मग एके दिवशी त्याच म्हणाल्या, “आता बघायला जाऊ. पण दादांना नको, तुम्ही चला.” दुसऱ्या एका दुकानात साडेसहा हजारांचा, खांद्यापर्यंतचा कृत्रिम विग त्यांनी निवडला. खिडकीजवळ जाऊन उजेडात पाहिला, मान हलवून पाहिला, बिलावर ‘विग’ असेच लिहून घेतले.

शेवटच्या केमोनंतर आम्ही कमानीत नाटकाला गेलो. निघताना मी विगचा डबा पुढे केला. वहिनी म्हणाल्या, “राहू दे वन्सं, आज रुमालच बरा. अंधारात कोण बघतंय?” मध्यंतरात दिवे लागले तेव्हाही त्यांनी रुमाल सारखा केला नाही. समोसा खात त्या मला दुसऱ्या अंकात काय होईल ते सांगत होत्या.

हे लक्षात ठेवा

• विग घेण्यापूर्वी विमा कंपनीचे उत्तर लेखी घ्या. दुकानदाराच्या किंवा एजंटच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

• ‘आजच्या दिवसापुरती सवलत’ असेल, तर त्या दिवशी काहीही विकत घेऊ नका. आगाऊ रक्कम देण्याआधी ती परत मिळण्याची अट वाचा.

• बिलावर वस्तूचे खरेच नाव हवे. खोट्या बिलामुळे संपूर्ण उपचारांचा दावा धोक्यात येऊ शकतो.

• विगचे बिल उपचारांच्या बिलात मिसळू नका, वेगळे ठेवा.

• दुकानदाराने फसवल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

• विग घालायचा की नाही, हे जिचे केस गेले तिला ठरवू द्या.