दीर्घकालीन कंबरदुखी

दीर्घकालीन कंबरदुखी म्हणजे शेवटच्या बरगड्यांच्या खालच्या कडेपासून नितंबांच्या खालच्या घडीपर्यंतच्या भागात तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी किंवा पुन्हापुन्हा उद्भवणारी वेदना होय. ही वेदना काही रुग्णांत एका किंवा दोन्ही पायांत उतरते. २०२० मध्ये जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक कंबरदुखीने ग्रस्त होते आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींच्या पुढे जाईल, असा अंदाज आहे. माणसाला काम करण्यास असमर्थ करणाऱ्या विकारांत तिचा क्रम जगात पहिला लागतो. बहुसंख्य रुग्णांमध्ये वेदनेचे मूळ एखाद्या ठरावीक मणक्यात, गादीत किंवा स्नायूत निश्चितपणे दाखवता येत नाही. अशा कंबरदुखीस अविशिष्ट कंबरदुखी म्हणतात. निदान आणि उपचार यांतील बहुतेक गोंधळ या एका गोष्टीच्या गैरसमजातून निर्माण होतो.

संज्ञा आणि लोकसमजुती

मराठीत कंबरदुखीच्या छटांसाठी अनेक शब्द आहेत. वाकताना किंवा ओझे उचलताना अचानक उठणाऱ्या कळेला उसण भरणे, चमक निघणे किंवा लचक भरणे म्हणतात. हळूहळू ताठरत जाणाऱ्या दुखण्याला कंबर धरणे म्हणतात. आयुर्वेदात कटिशूल ही सर्वसाधारण संज्ञा असून, कमरेतून पायात उतरणाऱ्या वेदनेला गृध्रसी हे नाव आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील वातव्याधींच्या अध्यायात तिचे वर्णन येते.

पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या व्यक्तीने उसण भरलेल्या जागी पाय लावला किंवा हलकी लाथ मारली की उसण निघते, अशी समजूत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आहे. नव्याने उद्भवलेली कंबरदुखी बहुतेकांत पहिल्या सहा आठवड्यांत आपोआप बरीच कमी होते. त्यामुळे त्या काळात जो उपाय केला असेल, मग तो पायाळूचा पाय असो, मालिश असो वा इंजेक्शन, त्याला यशाचे श्रेय मिळते. तीन महिन्यांनंतरही न गेलेल्या वेदनेला मात्र हे गणित लागू पडत नाही.

अलीकडच्या काळात दवाखान्यांतून रूढ झालेला ‘मणक्यात गॅप’ हा शब्दप्रयोग याहून अधिक परिणामकारक ठरला आहे. वयोमानानुसार मणक्यांमधील गाद्यांतील पाण्याचे प्रमाण घटते, त्या चपट्या होतात आणि क्ष-किरण चित्रात दोन मणक्यांतील अंतर कमी दिसते. चित्रात जे दिसते ते अंतर कमी होणे. रुग्णाच्या मनात मात्र नेमके उलटे, मणक्यात फट पडल्याचे चित्र तयार होते. ती फट वाढू नये म्हणून तो वाकणे, ओझे उचलणे, पुढे चालणेही टाळू लागतो. ‘गादी सरकली’, ‘नस दबली’ या शब्दांचाही असाच परिणाम होतो. गादी ही वरच्या व खालच्या मणक्यांना तंतूंनी घट्ट बांधलेली असते. ती जागेवरून सरकत नाही. तिच्या बाहेरच्या कड्याला फुगवटा येऊ शकतो किंवा त्याला चीर पडून आतील मऊ भाग बाहेर येऊ शकतो. असा बाहेर आलेला भाग अनेकदा काही महिन्यांत शरीराकडूनच शोषला जातो.

वेदना टिकून राहण्याची कारणे

कमरेच्या भागात पाच मणके असून, शरीराच्या वरच्या भागाचा भार त्यांवर येतो. स्नायूंवरील ताण, सांध्यांची झीज किंवा गादीची इजा यांनी वेदना सुरू होऊ शकते. परंतु इजा भरून आल्यावरही ती टिकते, तेव्हा तिचे स्वरूप बदललेले असते. मज्जारज्जू व मेंदू यांतील वेदनावाहक यंत्रणा अधिक संवेदनशील होते आणि सामान्य हालचालीचे संदेशही वेदना म्हणून जाणवू लागतात. याचा अर्थ वेदना काल्पनिक आहे असा नाही. अपुरी झोप, खिन्नता, कामावरील असमाधान, कर्जाची किंवा नोकरी जाण्याची चिंता यांनी ही संवेदनशीलता वाढते. हालचालीची भीती हा त्यातील मोठा घटक होय. भीतीमुळे हालचाल घटते, स्नायू दुर्बल होतात, थोड्याशा श्रमानेही दुखते आणि भीती खरी ठरल्यासारखी वाटते.

मराठवाड्यातील श्रम आणि कंबरदुखी

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमांतर्गत डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली सांधे व स्नायूंच्या दुखण्यांचे घरोघर सर्वेक्षण सुरू झाले. गुडघे आणि कंबर ही दुखण्याची प्रमुख ठिकाणे आढळली. सांधेदाहाच्या ठरावीक रोगांपेक्षा नेमके नाव न देता येणाऱ्या दुखण्यांचे प्रमाण बरेच अधिक होते. श्रमावर जगणाऱ्या खेड्याचे हे चित्र मराठवाड्यालाही परके नाही.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) आणि त्याच्या विभागातील आठ जिल्ह्यांत कमरेवर ताण आणणारे श्रम नाना प्रकारचे आहेत. कापूस वेचणीत दिवसभर वाकलेले राहावे लागते. पैठण येथील पैठणीच्या मागावर विणकर तासन्‌तास पुढे झुकून बसतात. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींत पाळीभर उभे राहणे, एकच हालचाल पुन्हापुन्हा करणे आणि त्यानंतर खराब रस्त्यावरून दुचाकीने घरी जाणे हा अनेकांचा दिनक्रम असतो. संपूर्ण शरीराला बसणारे वाहनाचे हादरे हा कंबरदुखीचा मान्य धोका-घटक असल्याने रिक्षा, मालमोटार आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्यांतही ती सर्रास आढळते.

ऊसतोड कामगारांची स्थिती याहून कठीण आहे. मुख्यतः बीड जिल्ह्यातून आणि शेजारच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल कामातून फेडावी लागते. कमरेत वाकून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि ३० ते ४० किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनात चढवायची, हे काम पहाटेपासून चालते. खाडा झाल्यास दंड कापला जातो. त्यामुळे कंबर दुखू लागल्यावर काम हलके करण्याचा सल्ला येथे सहसा निरर्थक ठरतो.

या परिस्थितीत चुकीच्या उपचाराची किंमत किती मोठी असू शकते, हे बीड जिल्ह्यातील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून दिसून आले. अंगावरून पांढरे जाणे, पाळीच्या तक्रारी, ओटीपोटात व कमरेत दुखणे यांसाठी खासगी दवाखान्यांत गेलेल्या अनेक ऊसतोड महिलांना, पुष्कळदा कर्करोगाची भीती घालून, गर्भाशय काढण्याचा सल्ला देण्यात आला होता. पाळीमुळे पडणारा खाडा टळेल, हा हिशेबही त्यामागे होता. २०१९ मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार महिला ऊसतोड कामगारांच्या सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. त्यांपैकी अनेकींनी वयाची चाळिशीही ओलांडलेली नव्हती. शस्त्रक्रियेनंतरही कंबरदुखी राहिल्याचे किंवा वाढल्याचे अनेकींनी सांगितले. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढल्यास स्त्रीसंप्रेरके अकाली घटतात आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. म्हणजे ज्या कमरेसाठी उपचार घेतला तिलाच नवा धोका निर्माण होतो.

निदान

वैद्यकीय तपासणीत प्रथम गंभीर कारणे वगळली जातात. रात्री विश्रांतीतही न थांबणारी वेदना, बारीक ताप, वजन घटणे, पूर्वीचा कर्करोग, अपघात किंवा दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड औषधे ही धोक्याची चिन्हे आहेत. भारतात मणक्याचा क्षयरोग हे त्यांतील महत्त्वाचे कारण असून, तो वेळीच ओळखल्यास औषधांनी बरा होतो. दुर्लक्ष झाल्यास पाठीला कुबड येऊ शकते, क्वचित पाय लुळे पडतात. लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, जांघेत व बैठकीच्या भागात बधिरता येणे किंवा पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे ही तातडीची अवस्था असते. तिच्यात काही तासांच्या विलंबानेही कायमचे नुकसान संभवते.

चाळिशीच्या आत हळूहळू सुरू झालेले, सकाळी उठताना अर्ध्या तासाहून अधिक ताठरता आणणारे आणि विश्रांतीने नव्हे तर हालचालीने कमी होणारे दुखणे मणक्यांच्या दाहक संधिवाताचे असू शकते. या रोगावर आता परिणामकारक औषधे आहेत. परंतु ‘गॅप’ समजून वर्षानुवर्षे बेल्ट बांधणाऱ्या तरुणांत त्याचे निदान उशिरा होते.

वरील चिन्हे नसल्यास एमआरआयची सहसा गरज नसते. कोणतीही वेदना नसलेल्या लोकांच्या चित्रणांचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एकत्रित आढावा या संदर्भात नेहमी उद्धृत केला जातो. त्यात विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातील ९६ टक्के व्यक्तींच्या गाद्यांत झिजेची चिन्हे दिसली. चित्रणातील दोष आणि रुग्णाची वेदना यांचा संबंध तपासणीशिवाय जोडता येत नाही, हे त्यावरून स्पष्ट होते. अहवालातील झिजेचे वर्णन वाचून घाबरलेला रुग्ण अनावश्यक शस्त्रक्रियेकडे वळण्याचा धोकाही त्यात आहे.

उपचार

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीच्या शस्त्रक्रियाविरहित उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. विकाराची योग्य माहिती देणे, आखणीपूर्वक व्यायाम, मालिश व हस्तोपचार, विचार व वर्तनात बदल घडवणारे मानसोपचार आणि काही दाहशामक औषधे यांचा त्यांत पुरस्कार आहे. कमरेचे पट्टे, वजन लावून मणका ताणणे आणि अफूवर्गीय वेदनाशामके यांचा नित्य वापर करू नये, असे त्या सांगतात. यांतील पट्टा व ताण देणे हे भारतात सर्रास सांगितले जाणारे उपाय आहेत.

व्यायामाचा कोणताही एक प्रकार इतरांपेक्षा ठळकपणे श्रेष्ठ ठरलेला नाही. सातत्य अधिक महत्त्वाचे असते. ऑस्ट्रेलियातील ७०१ व्यक्तींवरील आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, कंबरदुखीतून बरे झालेल्यांना हळूहळू वाढवत नेलेल्या चालण्याचा कार्यक्रम देण्यात आला. त्यांच्यात दुखणे उलटण्यास मध्यमानाने २०८ दिवस लागले, तर इतरांत ११२ दिवस. योगाभ्यासाचा लाभ मध्यम स्वरूपाचा असून तो साधारणपणे फिजिओथेरपीच्या तोडीचा आढळला आहे. आयुर्वेदातील स्नेहन, स्वेदन व कटिबस्ती यांनी ताठरता कमी वाटते. व्यायामाची सुरुवात करण्यासाठी त्या आरामाचा उपयोग करून घेता येतो, मात्र त्यांवरील मोठ्या व काटेकोर चाचण्या थोड्या आहेत.

दाहशामक गोळ्या थोड्या दिवसांसाठी उपयुक्त असल्या तरी दीर्घ वापराने जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचते. उन्हात घाम गाळून, पुरेसे पाणी न पिता काम करणाऱ्यांत हा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल या अफूवर्गीय औषधाची सवय लागू शकते. २०१८ पासून ते भारतात अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे. जडीबुटीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळते. त्यांनी आठवड्यात गुण येतो आणि नंतर हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते.

शस्त्रक्रियेचे स्थान मर्यादित परंतु निश्चित आहे. चेतातंतूवरील दाबामुळे पायात उतरणाऱ्या तीव्र वेदनेत ती उपयोगी पडते. नेदरलँड्समधील २००७ च्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांना आराम लवकर पडला. वर्षभरानंतर मात्र शस्त्रक्रिया न करता थांबलेल्यांची आणि त्यांची स्थिती सारखीच होती. केवळ कमरेतील अविशिष्ट वेदनेसाठी मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेचा लाभ संशयास्पद आहे.

वेदनेसह कामकाज

पूर्ण वेदनामुक्ती हे उद्दिष्ट ठेवल्यास दीर्घकालीन रुग्ण निराश होतो. त्यामुळे चालण्याचे अंतर, झोपेचे तास, घरातील किंवा शेतातील करता येणारी कामे यांवरून प्रगती मोजली जाते. बरे वाटलेल्या दिवशी साठलेले सारे काम उरकणे आणि पुढचे तीन दिवस अंथरुणावर पडणे हा बहुतेकांचा अनुभव असतो. त्याऐवजी वेदना वाढण्याआधीच थांबण्याची वेळ ठरवून, ती दर आठवड्याला थोडी वाढवली जाते. हालचालीच्या वेळी होणारे थोडे दुखणे इजेचे लक्षण नसते. दीर्घकाळ झोपून राहणे मात्र अपायकारक ठरते. कठीण गादी किंवा जमिनीवर झोपण्याचा आग्रहही शास्त्राला धरून नाही; मध्यम टणक गादी अधिक सोयीची आढळली आहे.

छत्रपती संभाजीनगर येथे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ‘घाटी’ या नावाने ओळखले जाते. मराठवाड्याबरोबरच लगतच्या जिल्ह्यांतूनही तेथे रुग्ण येतात. महात्मा गांधी मिशन या संस्थेचे फिजिओथेरपी महाविद्यालयही शहरात आहे. शहरातील रुग्णाला आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीसाठी जाणे शक्य असते. सिल्लोड, कन्नड किंवा वैजापूर तालुक्यातील शेतमजुराला त्यासाठी प्रत्येक वेळी एक दिवसाची मजुरी आणि बसभाडे सोडावे लागते. अशा रुग्णाला पहिल्या भेटीतच घरी यंत्राशिवाय करता येणारे तीन-चार व्यायाम करवून घेऊन शिकवणे आणि महिन्याने पुन्हा बोलावणे व्यवहार्य ठरते.