कृत्रिम ‘ईल’ : एक आमिष आणि एक संज्ञा

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास असलेल्या कॉर्नवॉल व डेव्हन या परगण्यांतील बंदरांत मासेमारीच्या साहित्याच्या दुकानांतून मऊ प्लास्टिकचे वीतभर लांबीचे मासे टांगलेले दिसतात. कोणी काळा, कोणी तांबडा, कोणी रुपेरी. विकणारा आणि घेणारा दोघेही त्यांना ‘ईल’ म्हणतात. ‘ईल’ म्हणजे वाम, असे समजून या वस्तूस ‘रबरी वाम’ म्हणणे मराठी भाषांतरकारास सहज सुचेल. परंतु तसे केल्यास वस्तूही निसटते आणि शब्दही निसटतो. कारण या आमिषात ज्याचे सोंग घेतले आहे तो मासा मुळात ईल नव्हेच.

तो मासा म्हणजे ‘सँडईल’. अंगाने सडपातळ, पाठीवर हिरवट-निळा, पोटाशी चांदीसारखा. दिवसा तो थव्याने पोहून सूक्ष्म जलचर खातो आणि रात्री, तसेच हिवाळ्यात बराच काळ, वाळूत शिरून राहतो. शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीस दिलेले ‘अमोडायटीस’ हे ग्रीक मूळाचे नाव या सवयीवरूनच आले आहे. वाळूत बुडी मारणारा, असा त्याचा अर्थ. खरा ईल मात्र वेगळ्याच कुळातला. युरोपातील ईल नदीत वाढतो आणि अंडी घालण्यासाठी अटलांटिक ओलांडून सारगासो समुद्राकडे जातो. या दोघांत साम्य एवढेच की दोघेही लांबट आहेत. बोलणाऱ्या माणसाला तेवढे पुरते. इंग्रज व जर्मन या माशास ‘वाळूतला ईल’ म्हणतात, फ्रेंच त्यास ‘लहान भाला’ अशा अर्थाचे नाव देतात, तर डच भाषेत तो ईल नसून ‘स्मेल्ट’ नावाच्या तिसऱ्याच माशाचा वाळूतला भाऊबंद ठरतो. एकच मासा, आणि प्रत्येक भाषेने त्याच्या अंगची निराळी खूण उचललेली.

कृत्रिम आमिष येण्यापूर्वी खराच सँडईल गळाला लावीत. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूतून दाताळे ओढून तो उकरून काढावा लागे, आणि तो जिवंत ठेवणे हे त्याहून कठीण. इंग्लिश खाडीतील बेटांवरील कोळी त्यासाठी वेताची निमुळती टोपली होडीमागून पाण्यात ओढीत नेत. तिला ‘कूर्ज’ म्हणत. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ भोपळा. एवढा खटाटोप करूनही मेलेला किंवा अर्धमेला सँडईल गळावर नीट पोहत नाही. तेव्हा रबरी नळीचा तुकडा तिरपा कापून तो गळावर ओवण्याची युक्ती निघाली. होडी वल्हवीत वा शिडावर नेत असता मागे सोडलेली ही नळी पाण्यात वळवळे व मासे तिला फसत.

तथापि या विद्येत खरी भर पडली ती शेपटीच्या घडणीमुळे. कॉर्नवॉलमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रसिद्धीस आलेल्या ‘रेड गिल’ या आमिषाचे अंग पोकळ व मऊ असते. दोरी तोंडातून आत जाते आणि गळ पोटाच्या छिद्रातून बाहेर येतो. अंग शेपटीकडे अगदी बारीक होत जाते आणि टोकाशी पुन्हा रुंदावून तेथे एक लहानशी चकती राहते. पाणी या चकतीवर आदळले की बारीक भाग लवतो, चकती एका बाजूस जाते, उलट दाब पडून परत येते. आणि दोरी अगदी सावकाश ओढली तरी शेपूट थरथरत राहते. सारी करामत या सावकाशीत आहे. वेगाने ओढलेली कोणतीही वस्तू हलते. संथपणे जाताना जिवंत भासणे दुर्घट. कल्ल्याजवळच्या ज्या तांबड्या खुणेवरून या आमिषाला नाव मिळाले, तिचा उपयोग मात्र शंकास्पद आहे. पाण्यात तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो, आणि खोल पाण्यात तांबडे ते काळपट दिसते. ती खूण माशापेक्षा गिऱ्हाइकास अधिक दिसत असावी.

या आमिषाचे मुख्य सावज म्हणजे ‘पोलॅक’ हा कॉडच्या कुळातील मासा. बुडालेल्या जहाजांच्या सांगाड्यांभोवती त्याचा वावर असतो. नाव प्रवाहाबरोबर सोडून देतात. शिसे तळाशी जाते, आणि त्याच्यापासून एका ताठ दांडीने दूर ठेवलेली तीन-चार मीटर लांबीची मोकळी दोरी प्रवाहात तरंगते. तिच्या टोकाशी ईल. शिसे तळास टेकताच चक्रीचे फेरे मोजीत दोरी वर घ्यावयाची. काही न लागल्यास पुन्हा खाली सोडावयाची. मासा मागून येऊन शेपूट चाखतो तेव्हा हातास हलके झटके जाणवतात. नवखा माणूस येथे हिसका देतो आणि गळ माशाच्या तोंडातून काढून घेतो. जाणता तसाच, त्याच गतीने चक्री फिरवीत राहतो. मग काठी एकदम वाकते आणि मासा सांगाड्याच्या आश्रयास खाली सूर मारतो. खोल पाण्यातून वर आणलेल्या पोलॅकच्या पोटातील वायूची पिशवी फुगते, म्हणून त्यास परत सोडले तरी तो बहुधा जगत नाही. ब्रिटनच्या पश्चिम व नैर्ऋत्य पाण्यांतील हा मासा इतका घटला की आंतरराष्ट्रीय समुद्र संशोधन परिषदेने २०२४ सालासाठी तेथे शून्य पकडीचा सल्ला दिला.

अटलांटिकच्या पलीकडे ‘ईल’ हा शब्द पुन्हा अर्थ बदलतो. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर ‘स्ट्राइप्ड बास’ माशासाठी जो कृत्रिम ईल वापरतात, त्यात सोंग खऱ्याच ईलचे असते. तेथे एक जुनी रीत अशी की मेलेल्या ईलची कातडी सोलून ती लाकडी आमिषावर मोज्याप्रमाणे चढवावयाची. आत पाणी शिरले की ती फुगते. ही वस्तू खरी म्हणावी की कृत्रिम, हा प्रश्न विचारण्याचे कारण कोणास पडत नाही.

मराठीने यास हसण्याचे कारण नाही. कोकण किनाऱ्यावर ‘वाम’ हा समुद्रातला मासा आहे आणि तो ईलच्या वर्गातला. पण घाटावरच्या नद्यांत ‘वाम’ म्हणतात त्या माशाच्या पाठीवर काट्यांची रांग असते आणि तो त्या वर्गातला नव्हे. म्हणजे इंग्रजीने जे केले तेच मराठीनेही केले आहे.

बाजारात अशा नावांनी कोणाचे बिघडत नाही. कायद्याच्या भाषेत बिघडते. २०२४ च्या मार्चअखेरीपासून ब्रिटनने उत्तर समुद्राच्या इंग्लिश भागात व स्कॉटलंडच्या सर्व पाण्यांत सँडईल धरण्यास बंदी केली. हा मासा पफिन, किटिवेक इत्यादी समुद्रपक्ष्यांचे अन्न आहे, आणि पेंड व तेल काढण्यासाठी, मुख्यतः डॅनिश जहाजांकडून, त्याची मोठी पकड होत असे. युरोपीय संघाने हा वाद लवादापुढे नेला व २०२५ मध्ये त्याचा निवाडाही झाला. दुसरीकडे, युरोपीय ईल २००८ पासून अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. दोन मासे, दोन संकटे, आणि त्यांवर योजावयाचे उपायही दोन. भाषांतरात दोन्हींकडे ‘वाम’ आला, तर वाचकास एकाच माशाविषयी दोन विसंगत वार्ता मिळतील. परिभाषा करणाऱ्यांनी ‘वाळूवाम’ असा सुबक समास घडविण्याचा मोह टाळावा. तो मूळची चूक तेवढी मराठीत आणील. माशासाठी ‘सँडईल’ हाच शब्द देवनागरीत ठेवावा, आणि दुकानातील वस्तूस ‘ईल’ न म्हणता ‘सँडईलच्या आकाराचे आमिष’ म्हणावे. लांबलचक आहे, पण कोळ्याला नाही तरी कोशाला ते चालेल.