जुना टर्नटेबल बदलावा का?

मंडळी, भारतातून जपून आणलेल्या नाट्यगीतांच्या तबकड्या आपल्यापैकी काहींच्या घरी आहेत. सोबत टेक्निक्सचा एसएल-१२०० एमके-२ सारखा जुना डायरेक्ट-ड्राइव्ह टर्नटेबल असला, तर प्रश्न पडतो : आता नवा घ्यावा का?

घाई नको. १९७९ साली आलेल्या या यंत्रात सैल पडणारा रबरी पट्टाच नाही. थाळी थेट मोटरवर फिरते आणि क्वार्ट्झचा स्फटिक वेग सांभाळतो. आवाज फाटत असेल, तर आधी सुई तपासा. झिजलेली हिऱ्याची सुई तबकडीची खाचच खरवडते, आणि तीच तबकडी पुन्हा मिळेल याची खात्री नाही. नवी सुई नव्या यंत्राहून कितीतरी स्वस्त पडते. घरघर किंवा वेगातला चढउतार बहुधा दुरुस्त होतो.

मात्र एमके-२ वर ३३ आणि ४५ हे दोनच वेग आहेत. आजोबांच्या ७८च्या तबकड्या ऐकायच्या असतील, तर बदल योग्य. २०१६च्या एसएल-१२००जी मध्ये ७८ची सोय आहे. मात्र सुई सुमारे चौपट रुंद लागते.

आणि एक : त्या तबकड्या लाखेच्या असतात. अल्कोहोलने पुसू नका, लाख विरघळते!