हातमोजे काढल्यानंतर : घरच्या घरी शिसे ओतणाऱ्यांसाठी चार शब्द

आपल्या रुग्णालयात उपचारांसाठी येणाऱ्यांमध्ये खाडीकाठच्या व किनाऱ्यावरच्या मासेमार कुटुंबांचा मोठा भरणा असतो. पावसाळ्यात मासेमारी बंद असली की या घरांत जाळ्यांच्या दुरुस्तीची कामे निघतात आणि पागाला अथवा इतर जाळ्यांना लावावयाची शिशाची वजने अनेक ठिकाणी घरीच ओतली जातात. शिसे पाण्याच्या अकरा पटींहून अधिक जड असते, खाऱ्या पाण्यात लोखंडासारखे गंजत नाही आणि अवघ्या ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. चुलीवर वा स्टोव्हवरही हे काम होते, म्हणूनच ते पिढ्यान्‌पिढ्या घरात टिकून राहिले आहे. या कामातील धोक्यांविषयी अहवालाच्या निमित्ताने काही माहिती देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

त्यास कारणही तसेच घडले. एका संध्याकाळी एक तरुण मासेमार उजवा हात ओल्या फडक्यात गुंडाळून आमच्या अपघात विभागात आला. फाटक्या जाळ्याची जुनी वजने त्याने वितळलेल्या शिशात टाकली होती. वजने वरून कोरडी दिसत होती, परंतु त्यांच्या भोकांत समुद्राचे पाणी राहिले होते. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे १७०० पटींनी वाढते. तो थेंब शिशाखाली गेला आणि कढईतील रस उसळून त्याच्या हातावर उडाला. हातात मोजा होता, पण तो नायलॉनचा. तो वितळून कातडीला चिकटला.

मलमपट्टीसाठी त्याच्या खेपा सुरू असताना पत्नीने सहज सांगितले की, धाकटे मूल हल्ली जेवत नाही, पोट दुखते म्हणून रडते, शौचास साफ होत नाही आणि लोहाचे औषध देऊनही चेहरा पांढुरकाच दिसतो. शिसे कोठे वितळवता, असे आमच्या डॉक्टरांनी विचारले. उत्तर आले, पडवीत. मूल खेळत होते आणि जेवत होते तेही त्याच पडवीत. रक्त तपासणीसाठी पाठविले तेव्हा त्यात शिशाचे प्रमाण वाढलेले आढळले. वडिलांचा भाजलेला हात साऱ्या वाडीने पाहिला होता. मुलाच्या बोटांवरचे शिसे मात्र कोणाच्याच दृष्टीस पडले नव्हते.

या कामात हाताला दोन वेगवेगळ्या संकटांपासून जपावे लागते, ही गोष्ट येथे नीट समजून घेतली पाहिजे. पहिले संकट उष्णतेचे. तळणीचे तेल साधारणतः १८० अंशांवर असते, तर वितळलेले शिसे त्याच्या जवळजवळ दुप्पट तापलेले असते. त्यापासून मोजे रक्षण करतात, मात्र ते जाड चामड्याचे, मनगटाच्या बरेच वरपर्यंत येणारे, किंचित सैल आणि पूर्ण कोरडे हवेत. प्रसंगी हात झटकताच मोजा निघून पडला पाहिजे. ओल्या मोज्यातील पाण्याचीच वाफ होऊन हात पोळतो. रबर, प्लॅस्टिक अथवा नायलॉन तर उपयोगाचेच नाही. त्याबरोबर डोळ्यांना संरक्षक चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि पायांत बंद बूट असावेत. विजारीचे पाय बुटाच्या आत न खोचता बाहेर सोडावेत, म्हणजे उडालेला थेंब बुटात शिरत नाही. लुंगी व चप्पल घालून हे काम करू नये.

जुनी वजने उन्हात चांगली वाळवावीत आणि चूल पेटवण्यापूर्वीच थंड भांड्यात घालून सर्व एकत्र तापवावीत. रस तयार झाल्यावर त्यात काहीही नव्याने टाकू नये. साचा व पळी हीदेखील कोरडी व थोडी तापवलेली असावीत. भांडे लोखंडाचे व बुडाला पसरट असावे आणि ते पुन्हा कधीही स्वयंपाकघरात जाऊ नये.

दुसरे संकट विषाचे आहे आणि तेथे मोज्यांचा उपयोग मर्यादित आहे. धातुरूप शिसे धडधाकट कातडीतून शरीरात फारसे शिरत नाही. ते शिरते तोंडावाटे आणि श्वासावाटे. भांड्यावर जमणारी करडी मळी, साच्याजवळ सांडलेली भुकटी, वजने घासताना निघणारा कीस हे सारे बोटांना, नखांना व मोज्यांच्या बाह्य भागाला लागते. मोजे काढताना ते पुन्हा हातांवर येते. त्याच हाताने तंबाखू मळली, मिश्री लावली, विडी ओढली किंवा चहाबरोबर बटर खाल्ले की शिसे थेट पोटात जाते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा भाग शरीरात शोषला जातो. लहान मुलांत हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाऊ शकते. आहारात लोह व कॅल्शियम कमी असेल तर शोषण आणखी वाढते.

रक्तातील शिसे साधारण महिन्याभरात निम्म्यावर येते, परंतु हाडांत साठलेले शिसे दशकानुदशके राहते. गर्भारपणात ते पुन्हा रक्तात उतरून गर्भापर्यंत पोहोचते. मोठ्यांत पोटशूळ, रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार, तर क्वचित मज्जातंतू दुबळे होऊन मनगट लुळे पडणे असे परिणाम दिसतात. मुलांत बुद्धीच्या वाढीवर होणारा परिणाम बहुधा भरून येत नाही. युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० सालच्या अहवालानुसार जगातील दर तीन मुलांपैकी सुमारे एकाच्या रक्तात शिसे प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे. एवढे प्रमाण आढळल्यास शिसे कोठून येते ते शोधून तो मार्ग बंद करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले आहे. शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक असल्याचे आजवर आढळलेले नाही.

यास्तव काम संपल्यानंतरच्या सवयी मोज्यांइतक्याच महत्त्वाच्या आहेत. काम उघड्यावर, घरापासून दूर, वारा पाठीशी घेऊन करावे. मुले व गर्भवती स्त्रिया यांना जवळ येऊ देऊ नये. जाळ आवश्यक तेवढाच ठेवावा, कारण शिसे जितके अधिक तापते तितकी त्याची वाफ वाढते. तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवीत नाही. मोजे काढून बाहेरच झाकणाच्या डब्यात ठेवावेत. हात साबणाने, नखांसकट, दोनदा धुवावेत आणि त्यानंतरच तंबाखूच्या डबीला, पाण्याच्या तांब्याला अथवा मुलाला हात लावावा. कपडे बदलून ते वेगळे धुवावेत. जागा झाडू नये, त्याने भुकटी उडते. ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. वाहनांच्या जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतील पट्ट्या मात्र कधीही वितळवू नयेत. त्यांत शिशाची संयुगे व आम्ल असते आणि त्यांपासून अत्यंत विषारी वायू निघू शकतात. २०२२ च्या नियमांप्रमाणे अशा बॅटऱ्या अधिकृत संकलकाकडेच द्यावयाच्या असतात.

एवढी काळजी घेऊनही हात भाजलाच, तर तो ताबडतोब वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. सूज येण्यापूर्वी अंगठी व कडे काढावे. कातडीला चिकटलेले शिसे वा मोजा ओढून काढू नये, फोड फोडू नयेत. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद यांपैकी काहीही लावू नये. स्वच्छ कापडाने सैल झाकून रुग्णास रुग्णालयात आणावे.

त्या तरुणाचा हात बरा झाला. दोन बोटे पूर्ण मिटत नाहीत, पण तो पुन्हा पाग टाकतो. पडवी धुऊन पुसून घेतली, ओतकाम घरापासून लांब हलविले, मुलाच्या आहाराकडे लक्ष दिले आणि पुढील तपासण्यांत मुलाच्या रक्तातील शिसे उतरत गेले. या तपासण्यांचा खर्च त्या कुटुंबाला पेलणारा नव्हता. तो रुग्णसाहाय्य निधीतून झाला, म्हणजेच आपणांसारख्या देणगीदारांनी केला. रुग्णांच्या नातेवाइकांना आमची एवढीच विनंती आहे की, घरात शिशाचे काम होत असेल तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता ते स्वतःहून सांगावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. त्या मातेने सहज म्हणून मुलाची तक्रार सांगितली, म्हणूनच आमच्या डॉक्टरांना पुढचा प्रश्न सुचला.