सोनं धुवा, झिजवू नका!

लोकलची गर्दी, उन्हाळ्याचा घाम, संध्याकाळचं जिम... आपल्याबरोबर हे सगळं गळ्यातली चेन आणि मंगळसूत्रही सोसत असतं. सहा महिन्यांत ते इतकं मळकट दिसायला लागतं की वाटतं, सोनं काळं पडलं की काय!

टेन्शन घेऊ नका. सोन्याला गंज चढत नाही. २२ कॅरेटच्या दागिन्यात ९१.६ टक्के सोनं असतं, बाकी तांबं, चांदी वगैरे. चमक झाकली जाते ती मुख्यतः घाम, साबण, लोशन आणि पावडरच्या थराने.

हा थर काढायला मला रविवारची वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. बाऊलमध्ये कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब घ्यायचे. दागिना पंधरा मिनिटं बुडवायचा, मग बाळाच्या मऊ टूथब्रशने कड्या आणि नक्षीच्या खाचा हलकेच घासायच्या. साध्या पाण्यात विसळायचा, सुती कापडाने टिपायचा आणि पूर्ण वाळल्यावरच डबीत ठेवायचा. सगळं बाऊलमध्येच हं! बेसिनच्या नळाखाली कानातल्याची फिरकी निसटली की गेलीच. माझी आजी याच कामाला रिठ्याचं पाणी वापरायची.

पण सरसकट सगळं बुडवू नका. मोती बहुधा रेशमी दोऱ्यात ओवलेले असतात. कुंदनच्या खड्यामागे वर्ख असतो, आत पाणी गेलं की खडा निस्तेज! हे दागिने ओलसर फडक्याने फक्त पुसा. वाट्यांमध्ये लाख भरलेली असेल, तर त्यांना गरम पाणी नको. स्विमिंग पूलमध्ये जाताना सोनं काढून ठेवा. क्लोरीन त्यातल्या इतर धातूंना खातं.

टूथपेस्ट? खाण्याचा सोडा? नकोच! सोनं मऊ असतं. खरखरीत पावडरीने ओरखडे पडतात आणि सोनं झिजतं.

आणि दारावर 'पॉलिश करून देतो' म्हणत येणारा? त्याला उंबऱ्याबाहेरूनच रामराम करा. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात सोनं चक्क विरघळतं. पाटल्या चकचकीत होऊन परत मिळतात, पण हलक्या होऊन! विरघळलेलं सोनं त्या द्रावणातून पुन्हा वेगळं काढता येतं. म्हणजे आपल्या घरचे ग्रॅम त्याच्या बाटलीतून बाहेर. दुपारी आई-बाबा घरी एकटे असतील, तर त्यांनाही हे आजच सांगून ठेवा.

ओळखीच्या सराफाकडच्या मशीन पॉलिशमध्येही किंचित सोनं जातंच. म्हणून मी पॉलिशआधी आणि नंतर, दोन्ही वेळा समोर वजन करून घेते आणि आकडा पावतीमागे लिहून ठेवते. त्यात संकोच कसला? सोनं आपलं, तर हिशेबही आपलाच!

मग काय, या रविवारी बाऊल काढताय ना?